बा म्हणजे ये

गुरुवार, १२ फेब्रुवारी २००९. सकाळी साडेसहाला उठलो. नळाला दोन दिवस पाणी नाही, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून टँकर मागवला होता. तो आठला आला. बसवनगुडीतली आमची गल्ली अरुंद, त्यात एका बाजूला गाड्या उभ्या, त्यामुळे टँकरला उलटं आत यावं लागलं. त्याचा क्लीनर मागे उभा राहून हाताने खुणा करत ओरडत होता, बा, बा, बा, स्वल्प बा. मी बादल्या घेऊन फाटकाशी उभा होतो. टँकर सरळ आत आला, थांबला, कुणाला काही लागलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अंकल, बरं नाही का?" मी म्हटलं, बरा आहे. पाणी भरून ठेवलं. मग वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि तेच पान दोनदा वाचलं. दुपारी ताकभात खाल्ला. झोप आली नाही. आता साडेचार वाजलेत.

बा, तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती, कारण आपण दोघे कधी दोन गावी राहिलोच नाही. शिवाय तुला वाचता येत नव्हतं. लॉरीचे नंबर, मैलाच्या दगडावरचे आकडे आणि सहीपुरतं कानडीत नाव, एवढंच तुला येत होतं. म्हणजे हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असतं तरी मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. माझी मराठीही आता तुझ्यासारखी राहिलेली नाही. तुझी सून बेळगावची, तिने मला इतक्या वर्षांत इतकं सुधारलं की आपल्या घरातली अर्धी कानडी, अर्धी मराठी बोली आता फक्त माझ्या डोक्यात उरली आहे. ती गेल्यापासून तर मोठ्याने बोलायलाही कुणी नाही.

सकाळपासून त्या एका शब्दापाशी अडकलो आहे. चामराजपेटच्या आपल्या गल्लीत सगळी मुलं बापाला अप्पा नाहीतर अण्णा म्हणायची. आपल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरं होती, तीही अप्पाच म्हणू लागली होती. आपल्याच घरात बा. तू तुझ्या बापाला बा म्हणायचास, तो त्याच्या. मी लहानपणी दारात उभा राहून "बा" अशी हाक मारली की समोरची कानडी म्हातारी आतून ओरडायची, "येते रे येते, एवढी घाई कसली?" कारण कानडीत बा म्हणजे ये. रोजचा तोच विनोद आणि रोज ती तितकीच हसायची. तू म्हणायचास, "बरंय की. एका हाकेत बापही येतो आणि शेजारीणही."

तुझी लॉरी मी जन्मापासून पाहत आलो. आधी तुझं काम म्हणजे गुडशेडमधून पोती, गाठी, खोकी भरायची आणि गावात पोचवायची. गुडशेड म्हणजे सिटी स्टेशनच्या मागचं रेल्वेचं मालधक्क्याचं आवार, पण ते नाव आपल्याकडे कुणी वापरलं नाही. तुझ्या अंगाला कधी मिरचीचा वास असायचा, कधी तागाचा, कधी रॉकेलचा, आणि त्यावरून आई ओळखायची की आज कुठला माल होता. मग साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी रेल्वेच्या त्या लोखंडी पेट्या आल्या. मद्रासहून सपाट वाघिणीवर बसून यायच्या, क्रेनने उचलून लॉरीवर ठेवायच्या, लॉरीने गिरणीच्या नाहीतर कारखान्याच्या दारापर्यंत न्यायच्या, आणि भरून पुन्हा गुडशेडला आणायच्या. आतला माल कुणी हाताळायचाच नाही. हमाल म्हणायचे, हे काय, आता आम्ही पेटीला नमस्कार करून घरी जायचं काय? तू मात्र खूश होतास. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन आईला म्हणालास, "वास बंद झाला बघ. आत काय आहे तेच कळत नाही. सोनं असो नाहीतर शेण असो, आपल्याला सारखंच."

त्या पेट्यांना एकच वाईट खोड होती आणि ती तूच मला समजावून सांगितली होतीस. आपल्या स्वयंपाकघरात, रागी-मुद्द्याचं ताट पुढ्यात घेऊन. नाचणीचा तो गोळा तू ताटात मधोमध ठेवलास, पाण्याचा तांब्या त्याच्यामागे ठेवलास आणि म्हणालास, "हा मी. ही पेटी. आता मला मागचं काही दिसतंय का?" पोत्यांच्या लॉरीवरून वाकून मागे बघता येतं, पेटीच्या लॉरीवरून नाही. पेटी चढली की मागचं जग संपलं. भिंत बाजूला असली तर दार उघडून डोकंही बाहेर काढता येत नाही. मग ड्रायव्हरचे डोळे मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडात असतात. तो बा, बा म्हणेल तोवर मागे यायचं. तो होल्डान म्हणेल तिथे जागच्या जागी थांबायचं. आणि तिसरी गोष्ट, जी कुठे लिहिलेली नव्हती पण तू कधी मोडली नाहीस: आवाज थांबला की लॉरी थांबली. मागचा माणूस गप्प का झाला हे तुला माहीत नसतं. तो विडी पेटवत असेल, पडला असेल, मेला असेल. आवाज पुन्हा येईपर्यंत चाक हलवायचं नाही. "बाकीचे ड्रायव्हर अंदाजाने घेतात," तू म्हणालास. "अंदाज म्हणजे दुसऱ्याचा पाय."

होल्डान हा इंग्रजी शब्द आहे हे मी तुला सांगितलं तेव्हा तू विश्वास ठेवला नाहीस. "आमचा होल्डान इंग्रजांचा? मग ते जाताना घेऊन का गेले नाहीत?"

मी एस.एस.एल.सी. झालो, टायपिंग शिकलो, दोन वर्षं इकडे तिकडे केली, आणि मग पेट्या पोचवायचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं तिच्याच गुडशेडमधल्या कचेरीत तात्पुरता क्लार्क म्हणून लागलो. तूच शब्द टाकला होतास. पेटीचं सील तपासायचं, नंबर लिहून घ्यायचा, ड्रायव्हरला कागद द्यायचे, परत आलेल्या पेटीचे कागद जुळवायचे. सहा महिन्यांनी काम बघून कायम करणार होते. पहिल्या दिवशी तू मला घरातून निघताना म्हणालास, "तिथे मी ड्रायव्हर, तू क्लार्क. सरी?" मीही सरी, म्हणजे ठीक आहे, म्हटलं. मला वाटतं तू ते माझ्यासाठी म्हणालास, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. पण मी ते जास्तच मनावर घेतलं. बाकीचे क्लार्क ड्रायव्हरांशी खिडकीतूनच बोलायचे. मीही खिडकीतूनच बोलू लागलो. चार महिने तू रोज दोनदा तीनदा खिडकीशी यायचास, आणि मी तुला कधी ड्रायव्हर म्हटलं नाही, पण बा असंही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. नुसता कागद पुढे करायचो. तू कधी कधी मुद्दाम डोकं आत घालून म्हणायचास, "काय साहेब, जेवलात का? डबा तुमच्या आईने बरा दिलाय ना?" बाजूचे हसायचे. मी खाली बघून नंबर लिहायचो.

हे मी आज लिहितोय कारण त्या चार महिन्यांचा हिशोब माझा मलाच लावायचा आहे. मी तुला गुडशेडात रोज बा म्हणून हाक मारत आलो असतो, तर त्या आवारात माझ्या तोंडचा तो शब्द तुझ्या कानाच्या ओळखीचा झाला असता.

त्या दिवशी तू गिरणीतून भरलेली पेटी घेऊन परत आलास. साडेअकरा झाले असतील. क्रेनखाली लॉरी लावायची तर पश्चिमेच्या भिंतीच्या कडेने उलटं यावं लागायचं. तुझ्या उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला पोत्यांची थप्पी. मागे मेस्त्री होता, हमालांचा मुकादम. उंच, मिशीवाला, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. दहा वर्षं तोच तुला आवाज देत होता. तुम्ही दोघे एकमेकांशी फारसं बोलत नसा, पण त्याचा आवाज तुला आणि तुझं ब्रेक लावणं त्याला तोंडपाठ होतं. तो म्हणत होता, बा, बा, बा, बा. मी पेटीचे कागद घेऊन कचेरीतून निघालो, तेव्हा त्याचा आवाज मला थप्पीच्या पलीकडून ऐकू येत होता. मग तो आवाज थांबला. माझं तिकडे लक्षही नव्हतं.

तिथे जुन्या सायडिंगचा एक रूळ होता, अर्धा जमिनीत पुरलेला. त्याच्या आणि दगडी फरशीच्या फटीत मेस्त्रीची चप्पल अडकली. टायरच्या तळव्याची जड चप्पल. तो बोलायचा थांबला आणि खाली वाकून ती ओढू लागला. त्याला भीती वाटली नाही. त्याने मान वर करून लॉरीकडे बघितलंसुद्धा नाही, कारण आवाज थांबला की तू थांबतोस हे त्याला ठाऊक होतं. आणि तू थांबला होतास. बा, तू थांबला होतास. इंजीन चालू होतं, पण चाक हलत नव्हतं.

मी थप्पीच्या कोपऱ्यावरून वळलो तेव्हा मला एवढंच दिसलं की मेस्त्री वाकलेला आहे, आणि त्याच्या पायापासून दीड हातावर चाक आहे, आणि इंजीन घरघरतंय. मला वाटलं लॉरी येतेय. गुडशेडमध्ये मी दिवसभर कानडीच बोलायचो, विचारही बहुतेक कानडीतच करत असेन. पण भीती वाटली तेव्हा तोंडातून जे बाहेर पडलं ते घरातलं. मी तुला हाक मारली. बा, बा. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त जोरात.

आणि लॉरी मागे आली.

पुढचं तुला माहीत आहे. हमाल सगळ्या बाजूंनी होल्डान, होल्डान ओरडत आले, कुणीतरी पत्र्यावर मुठी आपटल्या. तू डाव्या दाराने उतरलास. आधी मेस्त्रीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. माझ्या हातात कागद होते. तू किती वेळ बघितलंस ते मला आजही नीट सांगता येत नाही. कधी वाटतं क्षणभरच, कधी वाटतं बराच वेळ. मग तू अंगातला खाकी शर्ट काढलास, फाडलास आणि मेस्त्रीच्या पायाला गुंडाळू लागलास. मला म्हणालास, "जा, पाणी आण." मी धावत गेलो. पाणी घेऊन आलो तेव्हा त्याला दुसऱ्या लॉरीत चढवत होते. इस्पितळात त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत जबाब होता. नियम असा होता की ठरलेल्या माणसाशिवाय कुणी लॉरीला आवाज द्यायचा नाही, आणि दिला तर त्याला कामावरून काढायचं. मॅनेजरने मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला. माझं अक्षर चांगलं, इंग्रजी बरं, म्हणून जबाब मी लिहून घ्यायचा. तू उभा होतास, मी बसलो होतो. तुला बसायला कुणी सांगितलं नाही, आणि मीही उठलो नाही.

मॅनेजरने कानडीत विचारलं, "मेस्त्री म्हणतो, तो गप्प होता. मग आवाज कुणी दिला?"

तू म्हणालास, "कुणी नाही दिला."

"मग लॉरी मागे कशी गेली?"

"मी नेली. तो गप्प झाला तेव्हा थांबायला हवं होतं. थांबलो नाही."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "अरे, पंधरा वर्षांत तू आवाजाशिवाय हलला नाहीस. इथल्या पोरांना मी तुझं उदाहरण देतो."

"काल हललो, साहेब. आता दुसऱ्याचं द्या."

माझा हात थांबला होता. कागदावर अर्धं वाक्य होतं. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, पण तू माझ्या हाताकडे बघत होतास. मॅनेजरला कळू नये म्हणून तू मराठीत बोललास, आणि इतक्या कोरड्या आवाजात की मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. "हात का थांबला? मी सांगतो ते लिही. तुझं काही घालू नको त्यात."

मी लिहिलं. कुणाचाही आवाज ऐकू आला नाही, मी स्वतःच्या अंदाजाने गाडी मागे घेतली. अंदाज हा शब्द तू मुद्दाम वापरलास. जो शब्द तू दुसऱ्या ड्रायव्हरांसाठी शिवीसारखा वापरायचास, तो तू स्वतःच्या जबाबात घातलास. मी त्याचं इंग्रजी केलं, कागद तुझ्यापुढे सरकवला, आणि तू खाली कानडीत सही केलीस. माझी सही साक्षीदार म्हणून.

तुझी लॉरी काढून घेतली. मेस्त्रीने तुझ्याविरुद्ध काही म्हणायचं नाकारलं म्हणून पुढचं प्रकरण वाढलं नाही, पण ड्रायव्हर म्हणून तुला कुणी पुन्हा ठेवलं नाही, आणि तूही कुणाकडे गेला नाहीस. कंपनीने गुडशेडच्या फाटकावर बसवलं. दोन महिन्यांनी मी कायम झालो. त्या दिवशी आईने सांज्याची पोळी केली होती. तू दोन खाल्ल्यास आणि म्हणालास, "छान. आता चाकाचं काम आपल्या घरातून संपलं."

मेस्त्री आपल्या घरी आला तो तीन-चार महिन्यांनी, कुबडी घेऊन. त्याच्यासाठी तू स्वतः खुर्ची पुसलीस. मी आतून कॉफी आणली. तो तुझ्याशी इकडचं तिकडचं बोलला, मग कॉफीचा पेला हातात धरून म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी कुणीतरी बा म्हणालं."

"कोण म्हणेल?"

"तेच विचारतोय. मी तर चप्पल ओढत होतो."

"मग तुझे कान वाजले असतील."

"वा," मेस्त्री म्हणाला. "माझा पाय गेला, आता कानही गेले म्हण. उरलं काय, मिशी?"

"मिशी आहे तोवर काळजी नाही," तू म्हणालास, आणि तुम्ही दोघे हसलात. ते हसणं मला सहन होत नव्हतं. मी पेले उचलायला वाकलो तेव्हा तो माझ्याकडे वळला. क्लार्क लोकांना तो थट्टेने क्लार्कप्पा म्हणायचा. "क्लार्कप्पा, तू तर तिथेच होतास. तुला काही ऐकू आलं?"

पहिल्यांदाच तू माझ्या मदतीला आला नाहीस. तू दाराबाहेर बघत होतास. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी कायम झालो होतो. मेस्त्री कुणाकडे गेला नसता. फार तर त्याने मला शिवी दिली असती, किंवा दिलीही नसती. मी म्हटलं, "मी लांब होतो."

"सरी," तो म्हणाला. कॉफी संपवली आणि उठला. तू त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला गेलास आणि बराच वेळ परत आला नाहीस.

त्यानंतर मी तुला बा म्हणणं सोडलं. असं ठरवून नाही. आधी गुडशेडात म्हणत नव्हतो, मग घरातही तोंडातून निघेना. कामाचं असलं की समोर येऊन बोलायचो. लांबून हाक मारायची वेळ आली तर आईला म्हणायचो, त्यांना सांग. त्यांना, असं. आईने एकदा विचारलं, "ते कोण? पाहुणे आहेत का घरात?" रोज सकाळी नऊला मी फाटकातून आत जायचो आणि तू लॉरीसाठी फाटक उघडून धरलेलं असायचं. आत येणाऱ्या ड्रायव्हरांना तू सांगायचास, भिंतीकडे जपून, तिथे रूळ आहे. काही नवीन पोरं तुझ्या माघारी हसायची, याच म्हाताऱ्याने तिथे माणूस चिरडला म्हणून. हे मी खिडकीत बसून ऐकलंय. एकदा नाही.

माझं लग्न झालं, मुलगी झाली. ती बोलायला लागली तेव्हा मी तिला अप्पा शिकवलं. डिसेंबरातला एक रविवार आठवतो. बाजारात अवरेकाळू, म्हणजे ओले वाल, आले होते, आपण दोघे अंगणाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. बोटांना तो तेलकट वास. मुलगी तुझ्या पाठीला धरून उभी होती आणि मला हाका मारत होती, अप्पा, अप्पा. तू विचारलंस, "हिला बा का नाही शिकवलंस?"

मी म्हटलं, "हल्ली सगळे अप्पाच म्हणतात."

"हं." तू चार-पाच शेंगा सोलल्यास. दाणे ताटलीत पडण्याचा आवाज येत होता. मग माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता, अगदी थट्टेच्या सुरात तू म्हणालास, "एवढं इंग्रजी शिकलास तू. एक होल्डान नाही आला तोंडात."

मी म्हटलं, "काय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट वाटलं की तू थांबला आहेस, इंजीन चालू ठेवून, आणि आवाजाची वाट बघतोयस. मी शेंगेचा दोरा ओढत राहिलो. मग तू म्हणालास, "काही नाही. ती ताटली इकडे सरकव." पुढच्या उन्हाळ्यात तू गेलास.

आज सकाळपासून मी हे पुन्हा पुन्हा तपासतोय, तीनदा उठून खोलीत फेऱ्या मारून झाल्या. तुला सगळं कधी कळलं? लॉरीतून उतरून माझ्याकडे पाहिलंस तेव्हाच कळलं असणार. म्हणजे पाणी आणायला मला पाठवलंस तेव्हाच तुझं ठरलं होतं. लॉरी गेली, नाव गेलं, याचं तुला वाईट वाटलं असेल, पण ते तू पत्करलंस. जे तू पत्करलं नव्हतंस ते वेगळं होतं. मी एकदा तरी तुझ्याजवळ येऊन सांगेन, याची तू सहा वर्षं वाट बघितलीस, आणि शेवटी तूच, थट्टेत का होईना, आवाज दिलास.

मुलगी आता परदेशात आहे. फोनवर कधी तुझ्याबद्दल विचारते, अज्जा काय करायचे म्हणून. मी सांगतो, लॉरी चालवायचे, रेल्वेच्या पेट्या पोचवायचे. इतकंच सांगतो. तिला पुढचंही सांगेन असं मी इथे लिहिणार होतो, पण ते लिहिण्यात अर्थ नाही. सांगितलं तर सांगितलं.

त्या रविवारी पायरीवर मी "काय?" असं विचारलं, ते ऐकू आलं नाही म्हणून नाही. मला ऐकू आलं होतं, बा. नीट ऐकू आलं होतं.

ऊन उतरलं. गच्चीवर धोतरं वाळत घातली आहेत, ती अजून तिथेच आहेत. वर जाऊन काढून आणतो आणि घड्या घालतो.